आईच्या द्वादशीचा चोंगा

परवा नवनगरात आमच्या ज्येष्ठ नागरिकांच्या बैठकीत चर्चा ठेवली होती, धर्मामुळं माणसं जवळ येतात की लांब जातात. मला आधीच बजावून ठेवलेलं, "टीचर, तुम्हीपण पाच मिनिटं बोलायचं." धारवाडच्या शाळेत विज्ञान शिकवण्यात माझा जन्म गेला, त्यामुळं मी नेमकं बोलते असा लोकांचा उगीचच समज आहे. आधी एक निवृत्त वकील उठले. सगळ्या भांडणांचं मूळ धर्म, असं त्यांनी टेबलावर मूठ आपटून सांगितलं. मग दुसरे एक गृहस्थ उठले. सगळे धर्म शेवटी एकच सांगतात, असं त्यांनी डोळे मिटून सांगितलं. टाळ्या दोघांनाही सारख्याच पडल्या. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "माझं डोकं दुखतंय, आधी चहा द्या." डोकंबिकं काही दुखत नव्हतं. मला राग आला होता. त्या दोघांच्याही बोलण्यात माझी आई कुठंच बसत नव्हती, आणि खाला तर नव्हतीच नव्हती.

म्हणून तिथं बोलले नाही ते इथं लिहिते. पाच मिनिटांत आटपणारं ते नव्हतंच.

आमचं कापडाचं दुकान हुबळीत दुर्गदबैलच्या बाजारात. दुकान पुढं, राहायचं घर मागं. आजोबा मिरजेकडून आलेले. घरात मराठी, गिऱ्हाइकाशी कन्नड, आणि भांडताना जी आधी तोंडात येईल ती. शेजारी गादीवाल्यांचं दुकान, त्यांचंही घर मागंच. दोन घरांच्या परसात मिळून एकच भिंत, आईच्या खांद्याएवढी उंच. पलीकडं दिवसभर कापूस पिंजायचे, त्या धनुकलीचा ढुंग ढुंग आवाज चालायचा आणि कापूस उडून आमच्या वाळत घातलेल्या पापडांवर बसायचा. आई इकडून ओरडायची. भिंतीपलीकडून खाला ओरडायची, "वैनी, कापूस है, जहर नै!" खाला म्हणजे गादीवाल्यांची बायको. तिच्या भाच्या तिला खाला म्हणायच्या, म्हणून आम्हीही. ती आईला वैनी म्हणायची आणि आई तिला भाबी. दोघींचं बोलणं म्हणजे मराठी, कन्नड आणि खालाची दखनी यांची अशी काही मिसळ की बाहेरच्याला वाटावं, आता झिंज्या धरणार.

आई सोवळ्याची कडक. इतकी कडक की शाळेतून आल्यावर कपडे बदलल्याशिवाय मला स्वयंपाकघराचा उंबरा बंद. खालाच्या घरचं पाणी आई आयुष्यात प्यायली नाही. हे लपवून कशाला ठेवू? कॉलेजात गेल्यावर मी यावरून आईशी कडाकडा भांडले होते. "तुला लाज नाही वाटत?" असंसुद्धा म्हणाले. आई म्हणाली, "तिला विचार जा, तिला वाटते का." मी तरातरा गेले आणि विचारलं. खाला गादीला टाके घालत होती. तिनं दातानं दोरा तोडला आणि म्हणाली, "तेरी माँ का वो है, मेरा ये है. तू अपनी परीक्षा देख." खालाही काही कमी नव्हती. पाच वेळची नमाज, आणि मूर्तीपुढं ठेवलेलं काहीही तोंडात घालणार नाही म्हणजे नाही. प्रसाद दिला तर हात मागं घ्यायची आणि हसायची.

आता गणपतीत काय करायचं? मोदक तर शेजारी द्यायलाच हवेत. नैवेद्य दाखवल्यावर खाला खाणार नाही, आणि नैवेद्य दाखवायच्या आधी घरातलं कुणी त्या मोदकांकडं नुसतं टक लावून बघितलं तरी आई उलथनं उगारायची. यावर आईनं जो तोडगा काढला तो कुठल्या पोथीत नाही. मोदकांचा पहिला घाणा उतरला की त्यातले खालाच्या घरचे आधी काढून, झाकून, भिंतीवर ठेवायचे. मग उरलेल्यांचा गणपतीला नैवेद्य. आमचे अप्पा चेष्टा करायचे, "काय गं, देवाला दुसरी पंगत?" आई म्हणायची, "देव घरचा आहे. घरच्यांनी थांबायचं असतं, पाहुण्याला आधी वाढायचं असतं." गणपतीनं कधी तक्रार केली नाही. तक्रार करायचो आम्ही, कारण भिंतीवरचे मोदक पहिल्या घाण्याचे, आणि आमच्या वाट्याला फुटके.

खालाच्या बाजूनं असाच तोडगा निघाला होता, तो चोंग्याचा. पण त्याआधी माझ्या भावाचं सांगायला हवं.

माझ्यानंतर आईची दोन बाळं गेली. तिसरं झालं ते इवलंसं, रडायलाही त्राण नसलेलं. डॉक्टरांनी हात टेकले होते. आमच्या गल्लीच्या टोकाला एका खोलीत मोहरमला पीर बसायचे, म्हणजे रेशमी कापडं नेसवलेले चांदीचे पंजे. ते कापड आमच्या दुकानातून जायचं, आजोबांपासून तशी पद्धत. त्या वर्षी आई बाळाला घेऊन खालाबरोबर तिथं गेली आणि पंजापुढं पदर पसरून म्हणाली, हा जगू दे, दरवर्षी चोंगे वाहीन, पोराला फकीर करीन. पोर जगलं. नुसतं जगलं नाही, दांडगं झालं. मोठा होईपर्यंत दर मोहरमला भावाच्या गळ्यात लाल-हिरवा दोरा, डोक्याला हिरवा फडका, आणि पाच घरी भिक्षा मागत फिरायचं. त्याला ते फार आवडायचं, कारण लोक मूठभर साखर घालायचे. पाच घरं झाली तरी तो थांबायचा नाही. एकदा तर फडका बांधून पार भाजीच्या गाड्यांपर्यंत गेला आणि तिथून अप्पांनी कान धरून आणला.

चोंगे म्हणजे कणकेच्या गुळाच्या जाड पोळ्या, वर खसखस, बोटांनी काढलेली नक्षी. आई घरून कणीक, गूळ, तूप असा शिधा पाठवायची. खाला त्या दिवसापुरती परसात वेगळी चूल मांडायची, जिच्यावर कधी मटण शिजलेलं नाही अशी. त्या चोंग्यांवर फातिहा पढला जायचा आणि मग ते गल्लीभर वाटले जायचे. आईच्या मते तो प्रसाद. प्रसादाला विटाळ नसतो. पाण्याला असतो, प्रसादाला नसतो. हे गणित मी विज्ञानाची असूनही मला कधी सोडवता आलं नाही.

तरी अडचण होतीच. मोहरमची दहावी आणि आईची शुद्ध एकादशी बहुतेक एकाच दिवशी यायची, फार तर एका दिवसाचा फरक. चंद्र एकच, त्याला दोघींचीही सोय बघायची. एकादशीला गव्हाचं कसं खाणार? मग खाला आईचा चोंगा बाजूला काढून ठेवायची आणि द्वादशीला सकाळी, आई तुळशीला पाणी घालून वळली की भिंतीवर ताटली हजर. आई त्यानंच उपास सोडायची. मोहरम जवळ आला की भिंतीपलीकडून हाक यायची, "वैनी, ग्यारस कब है?" ग्यारस म्हणजे एकादशी. आमच्या घरातलं पंचांग अप्पांपेक्षा खालालाच जास्त लागायचं.

मध्ये एकदा गावात फार बिघडलं. दुर्गदबैलची सगळी शटरं खाली. सदा गजबजलेल्या बाजारात पोलिसांच्या बुटांशिवाय आवाज नाही. नेमके गणपतीचे दिवस. अप्पा म्हणाले, यंदा भिंतीवर काही ठेवू नकोस, कोण कुठून बघेल सांगता येत नाही. पहिला घाणा उतरला, आईनं मोदक काढले आणि परसात गेली. मी मागोमाग. पलीकडून खालाचा नुसता हात आला, बांगड्यांचा, आणि डबा घेऊन गेला. दोघी एक शब्द बोलल्या नाहीत. एरवी दोघींना गप्प बसवायला पोलीस लागले असते, आणि त्या दिवशी खरंच पोलीसच लागले. त्या वेळी मला रडू आलं होतं, ते भीतीनं की कशानं, आज आठवत नाही.

पुढं फोमच्या गाद्या आल्या, पिंजण थांबलं, गादीवाले काका गेले. खाला मुलाबरोबर जुन्या हुबळीत राहायला गेली. आम्हीही घर सोडलं. दुकान दुर्गदबैललाच राहिलं, पण भावानं नवनगरात घर बांधलं आणि आई त्याच्याकडं आली. मी तिथंच दोन गल्ल्या सोडून राहते. भिंत गेली, पण चोंगा येत राहिला. द्वादशीला सकाळी रिक्षावाला डबा आणून द्यायचा. चतुर्थीला इकडून मोदक जायचे.

दरम्यान दोन्हीकडचे चिरंजीव धार्मिक झाले. खालाचा मुलगा कुणाकुणाची प्रवचनं ऐकायला लागला, दाढी वाढवली, पीर-पंजे सोडले. "हे आपल्यात नाही, लोकांनी मधेच काढलंय," असं म्हणायला लागला. माझा भाऊ कुणाकुणाच्या सभांना जायला लागला, कपाळाला लांब टिळा आला, फोनवर दिवसभर मेसेज. तोही तेच म्हणायला लागला, "हे आपल्यात नाही." लहानपणी दोघं एका बाकावर बसायचे, एकाच्या पाटीवरून दुसरा बघायचा. आता बोलणं नाही, चालणं नाही, आणि तरी उत्तर तंतोतंत एक! मी भावाला म्हणायची, "अरे, तू स्वतः पीराचा प्रसाद. हे आपल्यात नाही, असं तू कुठल्या तोंडानं म्हणतोस?" तो चिडायचा. "अक्का, तुला देवाधर्मातलं काय कळतं?" हे मात्र खरं होतं. मी उपास कधी केला नाही, नवस कधी बोलले नाही. पण आईची चिडचिड न होता हे सगळं पार पडावं, एवढं मला वाटायचं.

आणि मग ते वर्ष आलं.

आईनं ऐंशी ओलांडली होती. मधुमेह होता. डॉक्टरांनी एकादशी सोडायला सांगितली तेव्हा आईनं डॉक्टर सोडले. मग दुसऱ्या डॉक्टरांशी तडजोड झाली, एकादशीला फळं आणि दूध चालेल, पण द्वादशीला सकाळी उठल्याबरोबर खायचं आणि गोळी घ्यायची. त्या दिवशी द्वादशी होती. आईची अंघोळ झाली, तुळशीला पाणी झालं. ती पुढच्या खोलीत खुर्चीवर येऊन बसली आणि रस्त्याकडं बघायला लागली. डबा येईना.

नऊ वाजून गेले तसा भावजयीनं मला फोन केला. मी गेले तर आई तशीच बसलेली, ओठ सुकलेले. मी म्हटलं, "आई, थोडं दूध तरी घे." ती म्हणाली, "येईल गं. रिक्षा मिळाली नसेल." मी आतल्या खोलीत जाऊन खालाच्या घरी फोन लावला. मुलानं उचलला. लहानपणापासून तोही मला अक्काच म्हणतो. म्हणाला, "अक्का, राग मानू नका. यंदापासून आमच्या घरी ते करायचं नाही असं ठरलंय. ते बरोबर नाही." मी म्हटलं, "कुणी ठरवलं? तुझ्या आईनं?" त्यानं विषयच बदलला. मग म्हणाला, "अम्मीचा आज रोजा आहे. कालचा आणि आजचा. मोहरमला खरं तर हेच करायचं असतं." मी रागानं फोन ठेवला.

भाऊ दुकानाला निघायच्या तयारीत होता, त्यानं सगळं ऐकलं होतं. "बघितलंस? त्यांनाच नको आहे. आता तरी सोड म्हणावं आईला हे." आईनं बाहेरून शेवटचं तेवढं ऐकलं. म्हणाली, "सोडू कसं? ते तुझ्यासाठी असतं रे." भाऊ म्हणाला, "मला काही होत नाही आई, मी चांगला जिवंत आहे." आई म्हणाली, "तुला काय, तू जिवंत आहेस. काळजी मला असते."

भाऊ बूट काढून बसला.

भावजय बिचारी गुणाची. तिनं यूट्यूबवर बघून घाईघाईनं चोंगे केले, खसखस लावली, बोटांची नक्षीसुद्धा काढली. एक ताटलीत घालून भावानं आईपुढं धरला. "घे, आला बघ तिकडून." आईनं ताटली नाकाशी नेली आणि त्याच्याकडं असं बघितलं की तो परत पाटीदप्तराच्या वयाचा झाला. "तिकडून आलेल्याला तुझ्या बायकोच्या वेलदोड्याचा वास? खोट्यानं नवस फेडतोस होय रे?" ताटली टेबलावर ठेवून दिली.

मला राहवलं नाही. मी सांगून टाकलं की खालाच्या घरी यंदा चोंगे केलेलेच नाहीत, आणि तिचा रोजा आहे. मला वाटलं, आता तरी ऐकेल. आईचा चेहराच बदलला. "भाबीचा उपास आहे? कालपासून?" म्हणाली. "अगं मग तेव्हाच नाही का सांगायचं! ती उपाशी आणि मी इथं खायला मागत बसलेय." मी म्हटलं, "बरं झालं, आता तरी खा." ती म्हणाली, "छे गं. तिचा सुटल्याशिवाय मी कशी खाऊ? कधी सुटतो त्यांचा?" सूर्य मावळल्यावर, हे सांगायची माझी हिंमत होईना, पण ते तिला माहीत होतंच. "म्हणजे संध्याकाळी. थांबते की. त्यात काय एवढं."

कपाळ माझं! आगीतून उठून फुफाट्यात. साखर मोजायचं यंत्र लावलं तर आकडा बघून भावजयीचे डोळे भरले. मी ओरडले, समजूत घातली, पुन्हा ओरडले. भाऊ एकदम उठला, माझ्या हातातला फोन घेतला आणि व्हरांड्यात गेला. ज्या माणसाचं नाव घरात काढलं तरी तो उठून जायचा, त्याला त्यानं फोन लावला. मला एवढंच ऐकू आलं, "माझी आई जेवत नाही रे." दोनदा म्हणाला.

दुपार व्हायच्या आत दाराशी रिक्षा थांबली. मुलाच्या खांद्याला धरून खाला उतरली. किती वाळली होती! दोन पायऱ्या चढायला तिला वेळ लागला. माझ्या भावानं पुढं होऊन तिचा दुसरा हात धरला. दोघं मित्र एकमेकांकडं न बघता मधल्या म्हातारीला वर आणत होते.

खाला आईसमोर बसली, दम घेतला आणि सुरू झाली. "क्या वैनी, पागल हो गए क्या? तुमे खाते नै बोले तो मेरेकू आना पड़्या." आई म्हणाली, "तुझा उपास सुटू दे आधी." खाला म्हणाली, "मेरा शामकू है." आई म्हणाली, "माझाही मग शामकूच." आणि दोघी हट्टानं एकमेकींकडं बघत बसल्या. मला हसावं की रडावं कळेना.

तेवढ्यात खालाचा मुलगा बोलला. दारातच उभा होता, आत आला नव्हता. माझ्या भावाला कन्नडमध्ये म्हणाला, "आजचा रोजा सक्तीचा नाही. खुशीचा आहे. कुणाच्या जिवासाठी मध्येच सोडला तरी चालतो, नंतर एक धरून भरून काढायचा. असं आम्हाला शिकवलंय." मग आपल्या आईकडं वळून हळूच म्हणाला, "अम्मी, खोलो."

खरं सांगते, त्या क्षणापर्यंत मला त्या मुलाचा संताप होता. ज्या पुस्तकानं त्याला चोंगा बंद करायला लावला असं मी धरून चालले होते, त्याच पुस्तकातून त्यानं ही वाट काढली. माझ्या विज्ञानाला साखरेचा आकडा तेवढा सांगता आला होता.

खालानं टेबलावरची ताटली बघितली. "ये कौन बनाया?" भावजय घाबरत पुढं झाली. खालानं विचारलं, "देवाला दाखवलंय?" भावजय म्हणाली, नाही, अजून नाही. "तो चलता," म्हणून खालानं चोंगा मोडला. बिस्मिल्ला म्हणून एक तुकडा तोंडात घातला. दुसरा तुकडा तिनं आईपुढं धरला. ताटलीत नाही, हातात नाही, थेट तोंडापुढं.

आई घुटमळली. "भाबी, पण फातिहा..." म्हणाली. नवस तिच्या मनातून सुटत नव्हता. खाला म्हणाली, "वैनी, उस दिन मैं बाजू में खडी थी ना? तुमने क्या माँगे? बच्चा जीना. देखो, सर के बाल सफेद हो गए उसके. अल्लानं दिलेलं अल्ला परत मागत नै. खाव."

जिनं या बाईच्या घरचं पाणी कधी घेतलं नाही, त्या माझ्या आईनं तोंड उघडलं. खालानं तिला सगळा चोंगा भरवला, तुकडा तुकडा करून, मधेमधे शिव्या घालत. वेलदोडा जास्त झालाय, असं दोघींचं एकमत झालं. भावजय पदरानं डोळे पुसत पाणी आणायला गेली. खालाचा मुलगा शेवटी आत येऊन बसला. माझ्या भावानं त्याच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला, तर तो म्हणाला, "माझा आहे अजून," आणि भाऊ ओशाळून तांब्या परत घेऊन गेला. खाला जायला निघाली तेव्हा आई तिला म्हणत होती, "माझ्यापायी तुझा मोडला गं." खाला म्हणाली, "मोडला नै. एक बाकी रह्या. तुम्हारे ग्यारस को रखूँगी, दोनों मिलके करेंगे."

पण ते जमलं नाही. पुढं खालाच आजारी पडली, तिला डॉक्टरांनी उपास बंद केले. दर एकादशीला आई मला विचारायची, "भाबीचा राहिलेला झाला का गं?" आणि थंडीत, एका सकाळी तुळशीला पाणी घालून आल्यावर, आई खुर्चीवर बसली ती उठलीच नाही. खालाला पायऱ्या उतरवेनात, ती येऊ शकली नाही. मुलगा आला. शेवटपर्यंत थांबला.

यानं सगळं आलबेल झालं असं कुणी समजू नये. खालाच्या घरी चोंगे परत सुरू झाले नाहीत. माझ्या भावाचा टिळा तसाच आहे, सभा तशाच आहेत, मेसेज तसेच येतात, ते मी न वाचता पुसून टाकते. परवाच्या बैठकीत कुणी मला विचारलंच असतं की बाई, धर्म जोडतो की तोडतो ते सांगा, तर मी हेच सगळं पहिल्यापासून सांगत बसले असते आणि चहा निवला असता.

आईचे दिवस झाल्यावर जी पहिली एकादशी आली, त्या दिवशी मी भावाकडंच होते. सकाळीच खालाच्या मुलाचा फोन आला. "अम्मीनं आज तो राहिलेला रोजा धरलाय. ऐकतच नाही. कॅलेंडरमध्ये ग्यारस बघूनच बसली होती." भावानं "बरं" म्हटलं आणि दुकानाला गेला. दुपारी जेवायला आला, पण ताट वाढल्यावर भूक नाही म्हणून उठला. भावजयीला वाटलं, दुकानात काही खाल्लं असेल. चहाही नको म्हणाला. उरलेला दिवस दुकानाला न जाता व्हरांड्यात बसून राहिला. त्याचं काय चाललंय ते मला कळलं होतं, पण मी काही बोलले नाही. आम्ही बोलायला लागलो की भांडतो.

दिवेलागण झाली. त्यानं फोन लावला. तिकडं मित्रानं उचलला असावा. भावानं नमस्कार नाही, चौकशी नाही, एवढंच विचारलं, "अव्वंदु ऊटा आतेनो?" आईचं जेवण झालं का रे? तिकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. फोन खिशात टाकून तो आत आला, पाय धुतले आणि भावजयीला म्हणाला, "वाढ आता."